शकुचा ओला हात

कुंदाताईंनी शकुला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती शेजारच्या बिऱ्हाडात न्हाणीघराच्या दारात उकिडवी बसली होती आणि हवेत हात धरून होती. बाळ जवळपास नव्हतं, ते आत आजीच्या मांडीवर रडत होतं. शकुने उजवा हात बादलीत बुडवला आणि न पुसता वर केला. आधी खिडकीकडे, मग दाराच्या फटीकडे, मग मोरीच्या जाळीकडे असा तो हळूहळू फिरवला. मग उठून दाराखालच्या फटीत जुनं पातळ कोंबलं आणि हाक मारली, "आणा आता राजाला."

कुंदाताईंना तेव्हा सातवा महिना लागला होता. शेजारणीकडे त्या विरजण मागायला गेल्या होत्या. वाटी हातात तशीच धरून त्या अर्धा तास उभ्या राहिल्या. घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "मला हीच बाई हवी."

शरच्चंद्रराव पेपरातून वर न बघता म्हणाले, "अगं, अजून दोन महिने आहेत."

"म्हणून तर आत्ता सांगतेय. तिला फेब्रुवारीपर्यंत घरं लागलेली आहेत."

ह्याला तीस वर्षं झाली. शकु तेव्हा पंचविशीची होती. बुलढाण्याकडून लग्न होऊन ती गोवंडीला आली, तिथे सासूच्या हाताखाली बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला शिकली, आणि नवऱ्याला मुलुंडला नोकरी लागल्यावर गव्हाणपाड्यात राहायला आली. सासूने तिला तेल जिरवायला शिकवलं, पायांवर बाळ कसं धरायचं ते शिकवलं. ओल्या हाताची युक्ती मात्र तिची स्वतःची. "पाणी कितीही कढत असू दे ताई," ती म्हणायची, "वारा लागला की पोर गारठतंच. आणि वारा डोळ्यांना दिसत नाही. ओल्या हाताला कळतो."

कुंदाताईंच्या गार्गीला तिनेच तीन महिने न्हाऊ घातलं. पुढे मुलुंड पूर्वेच्या इमारती उंच होत गेल्या आणि न्हाणीघरांची बाथरूम झाली. शकुला त्याचं काही नव्हतं. तिने तांब्याचे बंब पाहिले, बादलीत सोडायच्या कॉइली पाहिल्या, विजेचे गिझर आणि गॅसचे गिझर पाहिले. कुठल्या घरात पाणी किती वेळात तापतं, हे तिला त्या घरच्यांपेक्षा नीट ठाऊक असे. पहाटेपासून गिझर चालू ठेवणाऱ्यांना ती सरळ सुनवायची. "काय, गिझरलाच आंघोळ घालताय का? मी यायच्या आधी वीस मिनिटं लावा, पुरे." लोक ऐकायचे. शकुच्या बोलण्यात गोडवा बेताचा असला तरी तिच्या हातातून बाळ झोपूनच बाहेर येई, त्यामुळे तिच्यापुढे कोणाचं काही चालत नसे.

एका बाबतीत मात्र ती कोणाचंच ऐकत नसे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका घरी बाथरूममध्येच गॅसचा गिझर होता. कबुतरं शिरतात म्हणून खिडकी कायमची काच लावून बंद केलेली. पाणी चालू असताना बाळंतीण एकाएकी भिंतीला टेकली आणि तिचे डोळे फिरले. शकुने तिला काखेत हात घालून फरफटत बाहेर ओढली. बंद खोलीत गिझरचा वायू कोंडला होता; ती मुलगी वाचली. तेव्हापासून गॅसचा गिझर असलेल्या घरी शकुचा एकच नियम. खिडकी सताड उघडायची, बादल्या भरून घ्यायच्या, गिझर बंद करायचा, थोडं थांबायचं, मग खिडकी लावायची आणि मगच बाळाला आत आणायचं. जिथे खिडकी उघडत नसेल तिथे ती स्वयंपाकघरात पाटावर बसे. "हसा खुशाल," म्हणे.

गार्गी मोठी झाली, शिकली, लग्न होऊन निहारबरोबर कॅनडात कॅलगरीला गेली. नोव्हेंबरात तिची तारीख होती. कुंदाताईंची बॅग भरून तयार होती. त्यात डिंकाचे लाडू, बाळंतशेप, चार झबली आणि शकुने दिलेली ओव्याची पुरचुंडी होती. निघायला बारा दिवस असताना त्या सोसायटीच्या पायरीवरून घसरल्या आणि घोटा मोडला. प्लास्टर सहा आठवडे. लाडू आणि पुरचुंडी निहारच्या मित्राबरोबर गेली, आजी मुलुंडलाच राहिली.

ओजसच्या जन्माच्या बातमीने कुंदाताई हसल्याही आणि रडल्याही. शकु तेव्हा समोरच बसली होती.

"त्याला न्हाऊ कोण घालणार गं आता?"

"त्याची आई घालेल."

"तिला काय येतंय?"

"मला तरी काय येत होतं? सासू समोर बसून ओरडायची, त्यावर शिकले. पाय मोडलाय ताई तुमचा, फोन तर नाही ना मोडला?"

दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेआठला शाळा भरू लागली. तिकडे तेव्हा आदल्या संध्याकाळचे आठ वाजलेले असत. इकडे कुंदाताई खुर्चीत, पाय स्टुलावर. शकु फरशीवर पाय लांब करून, नडग्यांवर गुंडाळलेला टॉवेल, तेच बाळ. शरच्चंद्रराव फोन धरून कॅमेरामन.

"साहेब, माझं तोंड कशाला दाखवताय, हात दाखवा!"

"दाखवतोय, दाखवतोय. हात स्थिर ठेव तू."

"मी स्थिर ठेवू? मग शिकवू काय?"

तिकडे गार्गी बाथरूमच्या फरशीवर बसे आणि टॉवेलऐवजी खरा ओजस असे. गार्गीचे हात लवकर तयार झाले. पण ओजस अंगावर पाणी पडलं की टाहो फोडायचा आणि न्हाऊ झाल्यावरही तासभर थांबायचा नाही. शकुच्या एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. पाणी बरोबर होतं, तेल बरोबर होतं.

"घर गार असेल," शकु म्हणाली.

ह्यावरूनच तिकडे रोज वाद चालला होता. निहार घर अठरा डिग्रीवर ठेवायचा, गार्गीला तेवीस हवे होते. बाहेर उणे वीस. आधीच्या महिन्याचं गॅसचं बिल पाहून निहारला धडकी भरली होती आणि गार्गीची पगारी रजा अर्ध्या पगाराची होती. शकुने ऐकून घेतलं आणि तिला नेहमीचंच सुचलं. धुरी. न्हाऊ झाल्यावर निखाऱ्यावर ओवा टाकून बाळाला आणि बाळंतिणीला हलकी धुरी द्यायची. अंग शेकतं, पोर निजतं. मुलुंडमध्ये तिने शेकडो वेळा दिली होती.

निहार कामाचा माणूस. त्याने बार्बेक्यूचा कोळसा आणला, अंगणात बर्फात उभं राहून पेटवला, आणि एक रसरशीत निखारा स्टीलच्या वाटीत घालून बाथरूममध्ये आणला. गार्गीने वर चिमूटभर ओवा टाकला.

फोनवर शकुला आणि कुंदाताईंना आधी पांढरा धूर दिसला, मग छत दिसलं, आणि मग अख्खं घर किंचाळल्यासारखा आवाज सुरू झाला.

"काय झालं? अगं गार्गी! अहो, नीट धरा ना फोन!"

"माझा फोन नीटच आहे, त्यांचा पडलाय!"

त्या घरातला धूर ओळखणारा भोंगा आपोआप अग्निशमन दलाला कळवत असे. दहा मिनिटांत दोन आडदांड माणसं बुटांच्या बर्फासकट दिवाणखान्यात उभी होती. कसला वास आहे, त्यांनी विचारलं. गार्गीने ओवा म्हणजे काय ते इंग्रजीत समजावायचा प्रयत्न केला. त्यांनी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या, हातातल्या यंत्राने घरातली हवा तपासली, आणि निहारला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं की बंद घरात जळता कोळसा कधीही, कधीही आणायचा नाही. धूर दिसतो, पण त्याच्याबरोबर जो विषारी वायू असतो तो दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

कोणाला काही झालं नव्हतं. पण उणे वीसची हवा घरात भरली ती निघायला पहाट झाली. निहार त्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाला, "आई, आता थोडे दिवस आमचं आम्ही बघतो."

शकु फरशीवरून उठली, टॉवेलाची घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि चहा न घेता गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरची श्रुतिका पोटावर हात ठेवून जिना उतरून आली. "काकू, शकुमावशींनी मला नाही म्हणून कळवलंय. जानेवारीची तारीख आहे माझी. त्या म्हणे काम सोडतायत. तुम्हाला माहितीय का काही?"

कुंदाताईंना माहीत नव्हतं. शकुने कबूल केलेलं घर कधी सोडलं नव्हतं; स्वतःच्या नवऱ्याच्या जलदान विधीच्या दिवशीही ती एका बाळाला न्हाऊ घालून आली होती. त्यांनी फोन लावला. तो तिच्या मुलाने, धम्मपालने उचलला. तो ऐरोलीला एका कंपनीत होता.

"काकू, आई म्हणते बास. मी पण म्हणतो बास. गुडघे गेलेत तिचे, माझा पगार आहे, बसून खा म्हटलं. पण..."

"पण काय रे?"

"पण ती साडेपाचला उठून बसते आणि काय करावं ते कळत नाही तिला. काल आमचं बाथरूम दोनदा धुतलं."

कुंदाताईंनी रिक्षा बोलावली. शरच्चंद्ररावांनी एका हाताने बायकोला आणि दुसऱ्याने तिचा वॉकर धरून आत बसवलं. शकु दुसऱ्या मजल्यावर राहत होती. तिथवर चढणं शक्य नव्हतं. म्हणून धम्मपालने आईला खाली धाडलं आणि गव्हाणपाड्याच्या नाक्यावर दोघीजणी उभ्या रिक्षात बसून बोलल्या.

"मीटर चालू आहे हां," रिक्षावाला म्हणाला.

"चालू दे," कुंदाताई म्हणाल्या. "शकु, एका धुरीवरून कोणी एवढं मनाला लावून घेतं का?"

शकु बाहेर बघत होती. "न कळून चूक झाली असती ना ताई, तर मी हसले असते. पण मला ठाऊक होतं. ती बाळंतीण मी ह्या हातांनी ओढून काढलीय. बंद न्हाणीत जाळ नको, हे मी मुलुंडभर सांगत फिरते, आणि तिकडे मीच सांगितलं निखारा आणा म्हणून. खिडकी आहे का, उघडते का, एका शब्दानं विचारलं नाही. माझ्या डोक्यात तुमचीच मोरी होती. अर्ध्या उघड्या काचा, बाहेर कबुतरांची जाळी." तिने उजवा हात उलटा करून पाहिला. "तिकडचा वारा माझ्या हाताला लागत नाही. आज लांबचं चुकले, उद्या श्रुतिकाच्या पोराचं चुकेल. त्यापेक्षा सोडलेलं बरं."

कुंदाताईंनी समजूत घातली नाही. त्यांनी पर्समधून फोन काढला आणि सकाळीच आलेला निहारचा निरोप लावला. "आई, सॉरी, मी त्या दिवशी तोडून बोललो. ओवा सोडला तर मावशींचं सगळं बरोबर होतं. चार दिवस आम्ही तिघंही रडतोय. प्लीज त्यांना विचारा ना."

शकुने तो पुन्हा लावायला सांगितला. "तिघंही? जावईबापू पण?"

"तो सगळ्यात जास्त रडत असेल."

रिक्षावाला आरशात बघून हसला. शकुही हसली, आणि पदराने डोळे पुसले.

"तुझा हात पोचत नाही म्हणतेस," कुंदाताई म्हणाल्या, "पण निहारला दोन आहेत."

शकु म्हणाली, "उद्या साडेआठला येते. पण सांगणार काही नाही. आधी विचारणार."

दुसऱ्या दिवशी तिने टॉवेल हातात घेतलाच नाही. "जावईबापू, हात ओला करा. पुसू नका. आता मला घर दाखवा."

निहार एका हातात फोन आणि दुसरा थेंब गळणारा हात पुढे धरून घरभर फिरला. खिडक्या बंद, फटी नाहीत. दाराशी काही नाही. बाथरूममध्ये, जिथे गार्गी बसायची तिथे, जमिनीत एक जाळी होती. तिच्यावर हात नेल्याबरोबर तो थबकला.

"इथे गार लागतंय. पण मावशी, ही गरम हवा आहे! फर्नेसची."

"कोरड्या हाताला गरम. पोर ओलं असतं." शकुचा आवाज त्या धुरीनंतर पहिल्यांदा पूर्वीसारखा लागला. "तुम्ही लेकराला पंख्याखाली आंघोळ घालताय. आता ही फर्नेस म्हणजे काय ते सांगा."

निहारने सांगितलं. तळघरात गॅसवर चालणारी मोठी भट्टी, ती हवा तापवते आणि पंखा ती हवा सगळ्या खोल्यांत ढकलतो.

"सगळ्या? माणसं किती तुम्ही?"

"अडीच."

"आणि खोल्या?"

"तळघर धरून सात."

"म्हणजे पाच खोल्या नुसत्याच शेकत बसतात. आणि वर बिलावरून भांडता." तेवढ्यात फोनमध्ये मागे काहीतरी चमकलं. "थांबा. ती भिंतीत काच कसली?"

"फायरप्लेस. गॅसची शेगडी. घराबरोबरच आली. दिवाळीत पाहुणे आले तेव्हा पेटवली होती."

"स्वयंपाकाला?"

"फोटोला."

कॅमेरा धरलेले शरच्चंद्रराव इतके हसले की कॅनडाला काही क्षण फक्त त्यांचा गंजिफ्रॉक दिसला.

"हसू नका हो साहेब. जावईबापू, त्या खोलीला दार आहे?"

"आहे."

"मग अख्खं घर कशाला तापवता? तिथे बाळंतिणीची खोली करा. खाट तिथे, पाळणा तिथे, न्हाऊ तिथेच टबात. आमच्याकडे गावाला एवढंसं घर, तरी एकच खोली उबदार ठेवायचे, बाकी घरातली माणसं घोंगडी घेऊन."

निहार इंजिनियर होता, त्याने शंका काढली. "पण मावशी, तेवढ्याच उबेला ही शेगडी फर्नेसपेक्षा जास्त गॅस खाते. मी वाचलंय."

"खात असेल. पण ऊब एका खोलीपुरतीच हवी ना? आता खरं विचारते. हिचा धूर कुठे जातो?"

"बाहेर. पुढची काच बंद आहे, ती हवा बाहेरून घेते आणि बाहेरच सोडते. असं वाटतं मला."

शकुने बोट वर केलं. "वाटतं चालणार नाही. माणूस बोलवा, तपासून घ्या. तो हो म्हणाला की मगच पेटवा. आणि त्या भोंग्याला हात लावायचा नाही, तो चांगला आहे."

माणूस गुरुवारी आला. त्याने नळी तपासली, काचेचं रबर तपासलं, ठीक आहे म्हणाला. विषारी वायू ओळखणारं एक यंत्र त्याने त्याच खोलीत भिंतीला लावलं. काच फार तापते, बाळ लांब ठेवा, हेही त्याने सांगितलं. गार्गीने मध्ये दोन खुर्च्या आडव्या घातल्या. बाकी घर निहारने सोळावर आणलं. त्याखाली न्यायचं नाही, पाइपातलं पाणी गोठतं.

शनिवारी सकाळी साडेआठला श्रुतिकाही खाली येऊन बसली. "बघू तरी," म्हणाली. शकु पाय लांब करून बसली, पण तिचं लक्ष टॉवेलाकडे नव्हतं. निहारने सांगण्याआधीच ओला हात करून टबाच्या चारही बाजूंना फिरवला.

"काही नाही मावशी. कुठूनच नाही."

"घ्या राजाला."

पहिला तांब्या पडला. ओजसने तोंड वाकडं केलं, रडायच्या तयारीने श्वास घेतला आणि काचेमागच्या ज्वाळेकडे बघत तो श्वास तसाच सोडून दिला. गार्गी आईकडे बघायचं सोडून बाळाकडे बघत होती. न्हाऊ झालं, पुसून झालं, दुपट्यात गुंडाळून झालं. कुंदाताईंच्या लक्षात आलं की आपण मघापासून काही ऐकलेलंच नाही.

"झोपला?" शरच्चंद्ररावांनी कुजबुजत विचारलं.

"झोपला," गार्गी तिकडून कुजबुजली. "आणि बाबा, निहारही झोपलाय."

श्रुतिका जिना चढताना थांबली. "मावशी, मग जानेवारीत?"

शकु टॉवेल झटकत होती. "तुझ्या बाथरूमची खिडकी उघडते का?"

"उघडते. पण कबुतरं..."

"कबुतरांचं मी बघते."

महिनाअखेरीला निहारने बिलाचा फोटो पाठवला. फार मोठा फरक पडला नव्हता, पण थंडी वाढूनही आकडा आधीच्या महिन्यापेक्षा खाली होता. खाली त्याने लिहिलं होतं, 'शकुमावशींना दाखवा.' शकुने चष्मा लावून तो नीट पाहिला आणि म्हणाली, "तरी अजून दोन खोल्या उगाच शेकतायत ह्यांच्या."

कुंदाताईंचं प्लास्टर निघालं, मार्चमध्ये त्या कॅलगरीला जाऊन आल्या. त्या खोलीत अजून खाट आहे, असं त्या सांगतात. श्रुतिकाला जानेवारीत मुलगी झाली आणि शकुने तिला तीन महिने न्हाऊ घातलं. धम्मपालने आईला गुडघ्याचा पट्टा आणून दिला. तो ती बांधते, तक्रार करते आणि बांधते.

शकु आता पंचावन्नची आहे. सध्या तिच्याकडे मुलुंडमध्ये तीन घरं आहेत, आणि नव्या घरी गेली की ती पाण्याआधी खिडकीची चौकशी करते.